ईथरच्या भट्टीवरचं नाक

अण्णा,

काल माझ्या स्वयंपाकघरात एक पांढरी डबी बसवली. भिंतीला, अगदी खाली, जमिनीलगत. गॅस सुटला की ती ओरडते. झालं असं की मी दूध तापत ठेवलं होतं, खिडकीतून वारा आला, शेगडी विझली आणि मी तिच्या शेजारी खुर्चीत बसून निवांत मटार सोलत राहिले. खालच्या मजल्यावरची बाई धापा टाकत वर आली. "अहो आजी, जिन्यापर्यंत गॅसचा वास येतोय, तुम्हाला येत नाही का?" मी म्हटलं, नाही येत. मग तिनं भाच्याला फोन केला, म्हणजे तुमच्या पुण्याच्या लाडक्या मुलाच्या मुलाला, आणि तो ही डबी घेऊन आला. लायटरचा गॅस तिच्यापुढे सोडून दाखवला, तर ती अशी किंचाळली की पारव्यांचा थवा उडाला. मला हसू आवरेना. भाच्याला वाटलं, आत्या चळली. मी हसत होते ते तुम्हाला, अण्णा. माझं काम शेवटी एक डबी करायला लागली, आणि ती नीट चालते की नाही हे बघायला दर वर्षी माणूस येणार आहे म्हणे.

तुमच्यावर मला प्रेमाचं काही लिहायचं नाही, हे आधीच सांगते. भोरात अजून एकदोन म्हातारे तुमची आठवण काढतात. लढाईच्या दिवसांत सगळा माल बंद झाला तेव्हा नीरेच्या काठावर पत्र्याची शेड घालून दवाखान्यांना गुंगीचं औषध पुरवणारा माणूस, शाळेतली कायमची नोकरी सोडून धडपडणारा, विज्ञानाचं वेड असलेला. "तुमचे वडील म्हणजे देवमाणूस," असं म्हणतात. मी मान डोलावते. देवमाणसाच्या घरात कोण राहिलं होतं, ते मला ठाऊक आहे. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातच झाली. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली. दादा पुण्याला कॉलेजात. आई चुलीपुढे आणि मी माजघरात गहू निवडत. मी तिथूनच म्हटलं, "आई, दूध लागतंय गं." आईनं पातेल्यात बघितलं, दूध जेमतेम कोमट. ती म्हणाली, "काहीतरीच तुझं." थोड्या वेळानं दूध खरंच बुडाला लागलं. तुम्ही ओसरीवर तपकीर ओढत बसला होतात. तुम्ही उठून आत आलात, माझ्याकडे असं बघितलंत, जसं बाजारात खिल्लारी खोंडाकडे बघतात. त्यानंतर चार दिवस तुम्ही माझ्याशी खेळल्यासारखं केलंत. डोळे मिटायला लावून कसल्या कसल्या बाटल्या नाकाशी धरायच्या. कापूर, राळ, स्पिरिट, दोन तऱ्हेचा हिंग. एकात दुसऱ्याचा थेंब घालून विचारायचं, काही बदललं का? मी सगळं बरोबर सांगायची. तुम्ही मांडीवर थाप मारून हसायचात. माझ्यासाठी तुम्ही त्याआधी कधी असे हसला नव्हतात, म्हणून मी पण बोटं चाटत राहावं तशी त्या खेळाला चटावले.

तुमची भट्टी तेव्हा नुकती बसली होती. ती काय होती हे मला आजही घडाघडा सांगता येतं, कारण तुम्ही ते माझ्या डोक्यात ठोकून बसवलंत. आतून शिशाचं अस्तर लावलेलं तांब्याचं मोठं भांडं, त्यात गंधकाचं तेजाब. भांडं तापलेल्या वाळूत बसवलेलं. वरून तोटीतून स्पिरिटची बारीक धार आत. तेजाब योग्य तेवढं तापलेलं असलं की स्पिरिटचं ईथर, म्हणजे तेच गुंगीचं औषध, होतं, आणि होताक्षणी वाफ होऊन वर निघून जातं, गार पाण्यातल्या नागमोडी नळीतून थेंब थेंब बरणीत पडतं. तयार झालेलं निघून जातं म्हणून पुढचं तयार व्हायला जागा होते. "एकाच भांड्यात घडवायचं आणि त्याच भांड्यात गाळायचं," असं तुम्ही बोट नाचवून सांगायचात, जणू तुम्हीच शोधून काढलं होतं. जेवढं बाहेर पडतं तेवढंच आत सोडायचं. जाळ कमी पडला तर स्पिरिट तसंच्या तसं कच्चं बाहेर येतं. जाळ जास्त झाला तर भांड्यातला माल काळा पडतो, फसफसतो, गंधकाचा धूर धरतो. मधली जागा अरुंद. आणि खरी गोम ही की वाळू तापलेली असते, तुम्ही जाळ ओढून घेतलात तरी भांडं मघाच्याच जाळाचं ऐकत असतं. मी म्हटलं होतं, "खापराच्या तव्यासारखं. भाकरी करपायला लागल्यावर लाकूड ओढून काय उपयोग, आधीच ओढावं लागतं." तुम्ही म्हणालात, "शाबास! आत्ता काय चाललंय ते मला नकोच. पुढे काय होणार ते हवं."

त्यासाठी भांड्यात लांब दांडीचा जर्मन थर्मामीटर होता. तो मोडला. तुमच्याच कोपराचा धक्का लागून मोडला, आणि तुम्ही ओरडलात पालीकरांवर. पालीकर म्हणजे आपले भट्टीवाले, राजगडाच्या पायथ्याच्या पालीहून आलेले, गुडघ्यापर्यंत धोतर आणि तोंडात सदा काहीतरी बोलणं. जाळ घालायचं भट्टीचं तोंड भिंतीच्या पलीकडे, उघड्यावर होतं, कारण ईथरची वाफ जड, जमिनीवरून सरपटत जाते आणि कुठे जाळ सापडला की पेट घेते. बिचारे आत पाऊलसुद्धा टाकत नसत. ते बाहेरून म्हणाले, "मास्तर, म्या हितं, काच तिथं. माझा हात काय गडावरनं आला व्हय?" लढाई चालू, जर्मन माल बंद, पुण्यात नाही, मुंबईत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आईला म्हणालात, "पोरीला आजपासून भट्टीवर नेतो."

मग माझी जागा ठरली. नळीच्या तोंडाशी एक पाट, त्यावर मी. तुम्ही तोटीशी. भिंतीत उंचावर एक झरोका, त्यातून पालीकरांना हाक जायची. तुम्ही विचारायचं, "काय?" मी सांगायचं. माझ्याकडे तीनच शब्द होते. नीट चाललं असलं की पिकल्या फळासारखा गार, गोड वास यायचा, तेव्हा "गोड". स्पिरिट तसंच येत असलं की "कच्चं". आणि त्या गोडाच्या पाठीमागे, अगदी लांब, विझवलेल्या काडीपेटीच्या काडीचा वास नुसता डोकावून गेला की "काडी". मी "काडी" म्हटलं की तुम्ही झरोक्याकडे तोंड करून ओरडायचात, "ओढा!" आणि पलीकडून लाकडं ओढल्याचा खरखराट. "कच्चं" म्हटलं की "सारा!" सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. तुमच्या नाकात तपकीर ठासलेली, तुम्हाला कापराचा ढीग जाळला तरी कळला नसता. आलेल्या माणसाला तुम्ही कौतुकानं सांगायचात, "मी डोकं, पालीकर हात आणि ही माझं नाक." मालाच्या बरण्या भुशात बांधून बैलगाडीनं कामथडीपर्यंत जायच्या, कारण कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार ईथर न्यायला तयार नव्हती. कोण म्हणून नेईल? एक ठिणगी आणि सगळं खलास. पण तुमच्या मुलीला त्याच वाफेत बसवायला तुम्हाला कधी भीती वाटली नाही.

पहिल्या महिन्यात डोकं जड व्हायचं. मग घसा खवखवायला लागला. दुसऱ्या पावसाळ्यात नाकातून रक्त आलं. आई तुमच्यापुढे माझा रक्ताळलेला पदर धरून उभी राहिली, ती जन्मात पहिल्यांदा. "पोरीच्या नाकातून रक्त येतंय. जळो तुमची भट्टी!" तुम्ही जेवत होतात. भात कालवता कालवता म्हणालात, "रात्री दोन थेंब तूप सोड नाकात. बरं वाटेल." आईनं सोडलं. बरं वाटलं नाही.

गणपतीत दादा आला तो एक थर्मामीटर घेऊन आला. कुठून कुठून खटपट करून, कॉलेजातल्या कोणाला तरी गाठून त्यानं तो मिळवला होता, कापसात गुंडाळून, लाकडी पेटीत. माझा जीव भांड्यात पडला. मी तर दादाला त्याच दुपारी सांगून टाकलं, आता मी पुण्याला येते, मास्तरणीच्या कोर्सला नाव घाल माझं. तुम्ही थर्मामीटर भांड्यात लावलात आणि मला पाटावर बसवलंत, दोघांची शर्यत लावलीत. दोन दिवस. दोन्ही दिवस मी "काडी" म्हणायची आणि मग कितीतरी वेळानं पारा हलायचा. तुम्ही आनंदानं नाचायचेच बाकी होतात. मीही जिंकले म्हणून खुळ्यासारखी खूष. तिसऱ्या दिवशी तुम्ही थर्मामीटर काढलात, धोतरानं पुसलात, कापसात घालून पेटी बंद केलीत. मी विचारलं, "अहो, काढला का?" तुम्ही म्हणालात, "हा काचेचा. मोडला तर परत मिळायचा नाही." आणि माझ्या डोक्यावर टपली मारून, हसत हसत, "तू कुठं मोडतेस?"

अण्णा, हे वाक्य मी विसरले नाही. विसरणार नाही. पुण्याला जायचं काढलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "लढाई संपू दे." लढाई काय माझ्या पाटावर चालली होती?

आणि मग ती खंडेनवमी. तुम्ही देवाधर्माचे फारसे नव्हतात, पण हत्यारांची पूजा मात्र दणक्यात करायचात. शेड झाडून सारवलेली, दाराला झेंडूचं तोरण. पाटावर पान्हे, नरसाळी, मापं, पालीकरांची कुऱ्हाड आणि कोयता, आणि मधोमध मखमलीच्या तुकड्यावर थर्मामीटरची पेटी. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नसतं, भट्टी थंड. तुम्ही एकेकाला हळदकुंकू वाहिलंत, पेटीवर फूल ठेवलंत. मग थांबलात. वळून माझ्याकडे आलात, आणि सगळ्यांदेखत माझ्या नाकाच्या शेंड्याला हळदीचं बोट लावलंत, वर कुंकवाचा ठिपका. सगळे खदखदून हसले. पालीकर म्हणाले, "मास्तर, आता ताईच्या नाकाम्होरं नारळ बी फोडा की!" आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मी लाजले. खरं सांगते, मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. ते बोट नाकाला लागलं तेव्हा त्याला हळदीचा, तपकिरीचा आणि तुमचा असा मिळून एक वास होता. मला तो आठवतो, म्हणजे असा वास होता एवढं आठवतं. वास आठवत नाही. पूजा आटोपल्यावर तुम्ही म्हणालात, "हत्यारांना आज सुट्टी," आणि लगेच, "तू जरा कालच्या बरण्या हुंगून ठेव, उद्या गाडी जायचीय." हत्यारांना सुट्टी, नाकाला नाही. कुऱ्हाडसुद्धा त्या दिवशी आडवी पडून होती.

थंडीत मी चुलीपुढे शेकत बसले होते आणि आई परसात गेली होती. ती ओरडतच आत आली, "अगं डोळे फुटले का तुझे? दूध जळून कोळसा झालं!" पातेलं माझ्या हाताच्या अंतरावर. घर धुरानं भरलेलं. मी धूर बघत होते आणि मला वाटत होतं ओली लाकडं आहेत. आईनं फडताळातून हिंगाची डबी आणली, उघडून माझ्या नाकाला लावली. मी म्हटलं, "रिकामी आहे." तिनं डबी उलटी करून हिंगाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला.

तुम्हाला आम्ही दोघींनी सांगितलं. तुम्ही म्हणालात, पडसं असेल. ओव्याचा वाफारा घ्या. घेतला. निरगुडीचा घेतला. वैद्यांनी नाकात काय काय सोडलं. काही नाही. सगळं जग पाण्यासारखं झालं होतं. आमटी गरम लागायची, खारट लागायची, आमटी लागायची नाही. मी पुन्हा सांगितलं, "अण्णा, मला वास येत नाही. थर्मामीटर लावा." तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी तुमच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तुम्हाला नाकारता यायचं नाही. "पुण्याला जायचं नाटक आहे हे. दादानं फूस दिलीय. काल नाक होतं आणि आज नाही? नाक काय चप्पल आहे हरवायला?"

मला त्या क्षणी जे झालं ते सांगू? नाक गेलं त्याचं दुःख मी केलं असतं, पचवलं असतं. डोळे जातात, पाय जातात, माणसं जगतात. पण ज्या माणसानं दोन वर्षं माझ्या नाकावर डोळे मिटून विश्वास ठेवला, जर्मन काचेपेक्षा जास्त ठेवला, त्यानं माझ्या तोंडावर काडीचा ठेवला नाही. नाक बोलेल ते खरं आणि मी बोलेन ते खोटं. मी तुमची मुलगी होते की नाकाला चिकटलेलं काहीतरी होते?

तरी तुम्ही मला पाटावर बसवलंतच. तो बाजाराचा दिवस होता. सकाळी पालीकरांची लाकडं ओली, जाळ नुसता धुमसत होता, तुम्ही सारखे "सारा, सारा" करत होतात. दुपारी वेल्ह्याकडची गाडी आली, ऐनाची वाळकी लाकडं घेऊन, आणि भट्टीनं एकदम जीभ काढली. तुम्ही विचारलंत, "काय?" मी म्हटलं, "कळत नाही." तुम्ही पुन्हा, "काय?" मी, "अण्णा, खरंच कळत नाही." तुमचे ओठ पांढरे झाले. तुम्ही माझ्याकडे बघत तोटी आणखी उघडलीत, जणू मी बोलेपर्यंत उघडत नेणार होतात. थेंबांची धार झाली. मग पलीकडून पालीकरांची हाक आली, "मास्तर, आवं हितं बाहीर काडीचा वास सुटलाय! लई घाण! वढू का जाळ?" तोवर उशीर झाला होता. भांडं आतून गुरगुरायला लागलं, झाकणाच्या सांध्यातून काळा फेस आला, नळीतून काळं पाणी. तुम्ही तोटी बंद केलीत. पालीकरांनी पेटती लाकडं हातांनी ओढून नीरेच्या उतारावर फेकली, म्हणून आपण वाचलो, नाहीतर शेडसकट गेलो असतो. अस्तर फाटलं, तेजाबानं तांबं खाल्लं. सगळा माल काळा. तुमची दोन वर्षांची भट्टी त्या एका दुपारी संपली.

बाजाराची माणसं गोळा झाली होती, कुणी नाकाला उपरणं लावलेलं, कुणी खोकत. त्या सगळ्यांपुढे तुम्ही माझ्या दंडाला धरून मला ओढत बाहेर आणलंत. "सगळ्या भोराला वास आला," तुम्ही म्हणालात, "आणि हिला आला नाही! शेजारी बसून हिला आला नाही! घरभेदी निघालीस." पालीकरांचे तळहात फोडांनी भरले होते, ते पाण्याच्या बादलीत हात घालून बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, पोरीला कशापायी बोलताय? तिला न्हाई येत वास, खरंच न्हाई येत." तुम्ही त्यांना म्हणालात, "तू तुझं काम बघ." ते म्हणाले, "काम कुठं ऱ्हायलंय आता?" हात बरे झाल्यावर ते पालीला निघून गेले. जाताना आईला म्हणाले, "वैनी, ताईला जपा. मास्तर वाईट न्हाईत, पर कान न्हाईत त्यास्नी."

त्यानंतरचं सांगायला मला लाज वाटते, तुमची. भट्टी गेली, तुम्ही पुन्हा शाळेत लागलात, आणि घरात माझ्यावर पाळत सुरू केलीत. मागून येऊन गपकन रॉकेलची चिंधी नाकाशी धरायची. पोथी वाचत असले की पाठीमागे केस जाळायचे. एकदा तुम्ही स्वतः, घरात कधी पाण्याचा तांब्या न उचलणारे तुम्ही, माझं पान वाढलंत, आणि त्यात नासलेली परवाची आमटी घातलीत. मी जेवले. तुम्ही समोर बसून बघत होतात, केव्हा तोंड वाकडं करते ते. मी भात संपवला, आणि तुम्ही म्हणालात, "धन्य आहे तुझी. हट्टापायी विषसुद्धा गिळशील." मला दोन दिवस उलट्या झाल्या. आई तुमच्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलली. पुण्याला तुम्ही मला पाठवलं नाहीतच. "खोटं बोलून जे मागितलं ते द्यायचं नसतं," हा तुमचा न्याय. संस्थान गेलं, नवीन शाळा निघाल्या, तेव्हा मी भोरातच मुलींच्या शाळेत लागले. लग्न जमलं नाही. मला त्याचं काही नाही. मला एवढंच हवं होतं की तुम्ही एकदा म्हणावं, तुला वास येत नाही हे खरं आहे. घरात, कोणी नसताना म्हटलं असतंत तरी चाललं असतं.

भाच्याचा कारखाना आहे ना, तिथे पण एकाच उंच मनोऱ्यात घडवणं आणि गाळणं चालतं म्हणे. तुमचीच विद्या. मी त्याला काल विचारलं, "आणि यंत्रानं सांगितलं की मला काही कळत नाही, तर काय करता रे?" तो म्हणाला, "आत्या, आधी ते यंत्रच तपासतो. तसं कळावं म्हणून दोन दोन लावलेली असतात." मी विचारलं, "त्याला खोटारडं म्हणत नाही?" तो हसला. त्याला वाटलं विनोद आहे.

आता शेवटचं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी तुम्हाला झटका आला आणि डावी बाजू गेली. शुद्ध होती, बोलणं होतं, उठणं नव्हतं. पाठीला फोड झाले, त्यांच्या जखमा झाल्या. दादा आणि वहिनी पुण्याहून आले. दादा दारातच थबकला. त्यानं खिशातून रुमाल काढला, मग लाज वाटून परत ठेवला, मग काढलाच. वहिनी अत्तराचा फाया पदरात घेऊन आली होती, ती तशीच दोन मिनिटं उभी राहून ओकारी आवरत बाहेर पळाली. डॉक्टरसुद्धा खिडकीकडे तोंड करून बोलत होते. मी तुमच्या पाठीशी बसून जखमा धूत होते, माझं तोंड तुमच्या खांद्यापासून वीतभर लांब, आणि मी दादाला जेवायला काय करू ते विचारत होते. तुम्ही बघत होतात. आधी दाराकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा दाराकडे. सगळे गेल्यावर म्हणालात, "म्हणजे तुला खरंच येत नाही."

मला कळलं होतं तुम्हाला काय म्हणायचंय. तरी मी विचारलं, "काय येत नाही?"

"वास."

मी कापूस पिळला. "कसला वास, अण्णा? घरात कसला वास येतोय?" तुम्ही डोळे मिटलेत. मला घाई नव्हती. मी पुन्हा विचारलं, "सांगा ना. मला कळत नाही, तुम्हीच सांगा. कसला येतोय?"

तुम्ही म्हणालात, "माझा."

एवढंच. आणि भिंतीकडे तोंड केलंत. त्यानंतर गेलात तोपर्यंत आपण त्यावर बोललो नाही. तुम्ही "चुकलो" म्हणाला नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. मला वाटलं होतं ते ऐकून थंड वाटेल. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू.

तुमच्या मागं तुमचं कपाट आवरलं तेव्हा तो थर्मामीटर सापडला. कापसात, पेटीत, पेटीच्या झाकणाला फुलाची वाळकी पाकळी चिकटलेली. चकचकीत आहे अजून, कुठे चरासुद्धा गेलेला नाही. भाच्यानं मागितला, मी दिला. तो म्हणाला, "आत्या, अजून बरोबर चालतो!" चालेल नाहीतर काय, त्याला कामाला लावला होता कोणी?

गावानं माझं फार कौतुक केलं. लेक असावी तर अशी, मुलगा रुमाल लावून उभा आणि हिनं बापाचं सगळं केलं, नाक मुरडलं नाही. ज्यानं ज्यानं म्हटलं त्याला मी तोंडावर सांगितलं, अहो, पुण्य कसलं, मला वास येत नाही म्हणून बसले, तुम्हाला येत नसता तर तुम्हीही बसला असतात. तुम्हालाही मी तेच समजू दिलं. शेवटचे सगळे दिवस तुम्ही तेच समजून पडून होतात, की ही इथे बसलीय ती नाक नाही म्हणून.

वास येत असता तरी बसले असते. पदरसुद्धा लावला नसता नाकाला. हे मात्र तुम्हाला कळता कामा नये, अण्णा, म्हणून हा कागद मी आता फाडणार आहे.